वसतिगृहाचा भत्ता, बिनव्याजी पीककर्ज आणि अकोल्याचं विद्यापीठ : तिन्हींवर एकच नाव कसं?

यूट्यूबवर नुसतं 'पंजाबराव' टाईप करून बघा. समोर पावसाचे अंदाज येतात. कुठल्या जिल्ह्यात पडणार, कधी उघडीप मिळणार, पेरणी करायची का थांबायचं. पंजाबराव डखांचे व्हिडिओ. जून महिन्यात शेतकरी हेच शोधणार, त्यात काही नवल नाही.

पण या नावाचे दुसरे एक पंजाबराव आहेत, ज्यांचं नाव आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं वाचलेलं असतं आणि वाचून पुढं गेलेलो असतो.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना एक पर्याय दिसतो, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. घर सोडून शहरात शिकायला आलेल्या, अल्पभूधारक शेतकरी आणि मजुरांच्या पोरांसाठी.

वडील गावच्या सोसायटीतून पीककर्ज काढत असतील आणि मुदतीत फेडत असतील, तर त्यांना व्याजात जी सूट मिळते त्या योजनेचं नाव काय? डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना.

आणि एखादा मित्र अकोल्याला बीएस्सी ॲग्री करत असेल, तर त्याच्या टीशर्टवर काय लिहिलेलं असतं? पीडीकेव्ही. म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ.

होस्टेल, कर्ज आणि शेतीचं शिक्षण.

सरकारी योजनांना नावं देताना फार विचार होतो असं नाही. पण इथं मात्र नेम बरोबर बसलाय. कारण या माणसाचं सगळं आयुष्यच या तीन गोष्टींभोवती फिरलं. आणि ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं, ते बघायला ते स्वतः नव्हते.

पापळचा पोरगा

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा. गाव पापळ, जिल्हा अमरावती. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचं मूळ आडनाव कदम, देशमुखीमुळं देशमुख झालेलं.

तेव्हाचं वऱ्हाड म्हणजे कापूस. काळी जमीन, पांढरं सोनं, गावागावातून रेल्वेकडे निघालेल्या गाड्या, जिनिंग प्रेसिंगचे कारखाने. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जायचा, तिथून बोटीनं इंग्लंडला. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, इथला शेतकरी गब्बर असणार. पण पैसा शेतकऱ्याच्या हातात टिकत नव्हता. पेरणीला कर्ज, लग्नाला कर्ज, दुष्काळ पडला की खायला कर्ज. कापूस घरात यायच्या आधीच तो सावकाराच्या वहीत जमा झालेला असायचा.

पंजाबरावांच्या घरी शेती होती, पण पोराला शिकवायचं म्हणजे गावाबाहेर पाठवावं लागायचं. गावातली शाळा संपली की पुढं काय? मग चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती. प्रत्येक वेळी नवं गाव, नवी खोली, जेवणाची नवी सोय. खेड्यातल्या पोरांची शिक्षणं बुद्धीपेक्षा राहण्याखाण्याच्या खर्चापायी अडतात, हे त्यांनी लहानपणीच बघितलं.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. आणि १९२० मध्ये त्यांनी थेट इंग्लंड गाठायचं ठरवलं.

आता वऱ्हाडातल्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा, शंभर वर्षांपूर्वी, परदेशात शिकणार तर पैसा कुठून आणणार? घरच्यांनी जमीन गहाण टाकली आणि कर्ज काढलं. म्हणजे ज्या कर्जानं वऱ्हाडातली घरं बसत होती, त्याच कर्जावर या पोराची बोट सुटली.

पोरगा वाया गेला नाही. एडिंबरा विद्यापीठातून एमए झाला. संस्कृतच्या संशोधनासाठी तिथली मानाची शिष्यवृत्ती मिळवली. ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट केली. जोडीला बॅरिस्टर झाला.

डॉक्टरेटचा विषय बघा, वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. शेतीशी लांबूनही संबंध नाही. पुढं हा प्रबंध ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेनं पुस्तकरूपानं छापला. असा माणूस मुंबई हायकोर्टात वकिली करू शकला असता, एखाद्या विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक होऊ शकला असता. १९२६ मध्ये परत आल्यावर पंजाबरावांनी अमरावती गाठली.

आधी होस्टेल

अमरावतीत आल्यावर त्यांच्या हातून जी पहिली मोठी कामं झाली, त्यात एक होतं वसतिगृह. श्रद्धानंद छात्रालय. स्वामी श्रद्धानंदांची डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झाली होती, त्यांच्या नावानं हे छात्रालय निघालं.

होस्टेल काढणं यात काय विशेष, असं आज वाटेल. विशेष असं की इथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत होती आणि एका पंगतीत जेवत होती. १९२७ च्या आसपास हे करणं म्हणजे गावकीशी उघड वैर घेणं होतं. तेव्हाची बहुतेक वसतिगृहं जातीजातीची होती, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या पोरांना तर गावच्या विहिरीवर पाणीही मिळत नव्हतं.

त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ पेटली. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः अमरावतीच्या परिषदेला आले. पंजाबराव या चळवळीच्या बाजूनं उभे राहिले. वेदांवर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतलेला माणूस मंदिर सगळ्यांना उघडा म्हणतोय, तेव्हा त्याला धर्मातलं काय कळतं असं म्हणायची सोय विरोधकांना उरली नाही.

१९२७ मध्येच त्यांनी लग्न केलं, तेही आंतरजातीय. पत्नी विमलाबाई मुंबईच्या. त्या पुढं राज्यसभेवरही गेल्या. घरात एक आणि भाषणात एक, असा मामला नव्हता.

१९२८ मध्ये ते अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा परिषदेचे, अध्यक्ष झाले. तिथं त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणावरचा खर्च वाढवला. त्यासाठी कर वाढवावा लागला. लोकांवर कर बसवून शाळा काढायच्या हे कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नाही. त्यांनी ते केलं आणि तरी १९३० मध्ये लोकांनी त्यांना प्रांताच्या विधिमंडळात निवडून पाठवलं.

मग सावकाराची वही

तेव्हा विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता, राजधानी नागपूर. वयाच्या तिशीत पंजाबराव या प्रांताचे मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे.

वेळ मात्र वाईट होती. १९२९ मध्ये जगभरात मंदी आली आणि कापसाचे भाव कोसळले. कर्ज तेवढंच राहिलं, व्याज वाढत राहिलं, आणि फेडायला जो कापूस होता त्याची किंमत राहिली नाही. कोर्टात सावकारांचे दावे, जमिनींवर जप्त्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन लिलावात जाऊ लागली.

यावर १९३३ मध्ये एक कायदा आला. वऱ्हाडात तो कर्ज लवाद कायदा म्हणून ओळखला जातो. त्यामागं पंजाबराव होते.

कायदा चालायचा कसा, ते समजून घेऊ, कारण कर्जमाफी आणि हे यात फरक आहे. सरकारनं ठिकठिकाणी लवाद मंडळं नेमली. शेतकऱ्यानं अर्ज करायचा आणि आपल्यावर कुणाकुणाचं किती कर्ज आहे ते सांगायचं. मंडळ सावकारांना बोलावणार. मूळ रक्कम किती, व्याज किती चढलंय, शेतकऱ्याची खरी ऐपत किती, हे सगळं समोरासमोर मांडून तडजोडीचा आकडा ठरणार. मग तो आकडा हप्त्याहप्त्यानं फेडायचा. सावकार रास्त तडजोडीला नाहीच म्हणाला, तर पुढं कोर्टात त्याचंच नुकसान होईल अशी तरतूद.

म्हणजे कर्ज बुडवायचं नाही, पण व्याजाच्या नावाखाली जमीनही गिळू द्यायची नाही. शेतकऱ्याला सावकाराच्या ओसरीवरून उठवून मंडळाच्या टेबलासमोर, बरोबरीच्या खुर्चीवर बसवलं, हे या कायद्याचं काम. ज्याच्या शिक्षणासाठी घरची जमीन गहाण पडली होती, त्याच माणसाच्या काळात हे झालं.

मंत्री असतानाच त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीचं बिल आणलं. मंदिरांकडे पडून असलेला पैसा शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामाला लागावा हा हेतू. त्यावर जोरदार वाद झाला आणि ते बिल काही पुढं गेलं नाही. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपदही सोडलं.

पण तोवर दुसरं एक रोपटं लागलं होतं. १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. खेड्यापाड्यात शाळा, मग वसतिगृहं, मग कॉलेजं. आज विदर्भातल्या सगळ्यात मोठ्या शिक्षणसंस्थांमध्ये तिचं नाव आहे. तिच्या शेतकी कॉलेजातून आणि मेडिकल कॉलेजातून पोरं बाहेर पडतायत. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडच्या कित्येक घरांत शिकलेली पहिली पिढी शिवाजीच्या शाळेत शिकलेली आहे. तिकडं पंजाबरावांना भाऊसाहेब म्हणतात ते यामुळं.

ते देशाचे पहिले कृषिमंत्री होते का?

दरवर्षी २७ डिसेंबरला व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. त्यात पंजाबराव देशाचे पहिले कृषिमंत्री होते असं लिहिलेलं असतं.

तर तसं नाही. स्वातंत्र्यानंतर अन्न आणि कृषी खातं आधी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होतं, मग जयरामदास दौलतराम, मग कन्हैयालाल मुन्शी. पंजाबराव या खात्यात आले ते १९५२ मध्ये, देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर.

पण खरी गोष्ट मेसेजपेक्षा मोठी आहे. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं ते केंद्रात शेतीचं काम बघत होते. वरचे कॅबिनेट मंत्री बदलत गेले. रफी अहमद किडवाई झाले, अजितप्रसाद जैन झाले, स. का. पाटील झाले. पंजाबराव तिथंच राहिले. नेहरूंच्या काळात शेती खात्यात इतका सलग काळ काढलेला शेतकऱ्याच्या घरातला मंत्री म्हणजे हे.

त्याआधी ते संविधान सभेतही होते. मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वासाठी त्यांनी तिथं दुरुस्त्या मांडल्या. मागासवर्गीयांच्या स्थितीचा अभ्यास करायला आयोग नेमता येतो तो संविधानाच्या कलम ३४० मुळं, आणि याच कलमाखाली पुढं कालेलकर आयोग आणि मंडल आयोग आले. ओबीसी आरक्षणाच्या चर्चेत पंजाबरावांचं नाव निघतं ते या कामामुळं.

दिल्लीत त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा आणि भयंकर होता. देशाकडे खायला पुरेसं धान्य नव्हतं. फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाबची कालव्याखालची जमीन गेली होती. बाहेरून गहू आणावा लागत होता.

१९५३ मध्ये जपानी भातशेतीची मोहीम सुरू झाली. चांगलं बियाणं निवडायचं, गादीवाफ्यावर कमी बियाण्यात रोपं तयार करायची, ओळीत लावणी करायची, खत द्यायचं, कोळपणी करायची. नवीन यंत्र नाही, मोठं धरण नाही. फक्त पद्धत बदलायची.

१९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज ही देशभरातल्या शेतकऱ्यांची संघटना उभी केली. कुठल्या पक्षाची नाही, शेतकऱ्यांची. याच समाजाच्या पुढाकारानं डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिका, रशिया ऐन शीतयुद्धात असताना दोन्हीकडची दालनं एकाच मैदानात. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उद्घाटनाला हजर. आणि बघायला खेड्यापाड्यातून आलेले शेतकरी.

कृषी विद्यापीठ लागतं कशाला?

आता मुद्द्यावर येऊ. शेतकी कॉलेजं तर इंग्रजांच्या काळापासून होती. पुण्यात होतं, नागपुरात १९०६ पासून होतं. मग वेगळं विद्यापीठ कशाला?

अडचण अशी होती की तीन कामं तीन ठिकाणी चालायची.

कॉलेजात शिकवणं चालायचं. तिथून पदवी घेतलेला पोरगा सरकारी नोकरीत जायचा. संशोधन वेगळ्या केंद्रांवर चालायचं, ते दुसऱ्या खात्याच्या हाताखाली. आणि शेतकऱ्याला सांगायचं काम तिसऱ्याच लोकांचं, ग्रामसेवक वगैरे मंडळींचं.

म्हणजे समजा अकोल्याकडच्या एका शेतकऱ्याच्या कपाशीवर रोग आला. त्यानं ग्रामसेवकाला सांगितलं. ग्रामसेवकाला उत्तर माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो शास्त्रज्ञ दोनशे मैलांवर, त्याला या रोगाची बातमीच नाही. आणि जो प्राध्यापक उद्याचे शास्त्रज्ञ तयार करतोय, तो दहा वर्षांपूर्वीच्या वहीतून शिकवतोय. तिघंही पगार घेतायत, तिघंही आपापलं काम करतायत, आणि कपाशी वाळतेय.

अमेरिकेनं यावर १८६२ मध्येच वाट काढली होती. तिथल्या राज्यांना जमिनी देऊन अशी कॉलेजं काढायला लावली जिथं शेतकऱ्यांची पोरं शेती आणि यंत्रविद्या शिकतील. पुढं त्यांनाच संशोधन आणि प्रसाराचं कामही जोडलं. जो शिकवतो तोच प्रयोग करणार, आणि तोच शेतकऱ्याच्या बांधावर जाणार.

भारतात १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९५५ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या तज्ज्ञांच्या संयुक्त पथकानं शेतीच्या शिक्षणाची पाहणी केली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली आणणारी कृषी विद्यापीठं काढा, हा विचार तिथून घट्ट झाला. १७ नोव्हेंबर १९६० ला नेहरूंनी उत्तर प्रदेशच्या तराईत पंतनगरच्या विद्यापीठाचं उद्घाटन केलं. देशातलं हे पहिलं कृषी विद्यापीठ.

ही सगळी मांडणी झाली तो काळ पंजाबरावांच्या शेती खात्यातल्या दहा वर्षांचाच. कल्पना एकट्याची नव्हती, पण ती रुजली त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांच्या गावाकडे, विदर्भात, असं विद्यापीठ यायचं मात्र बाकी होतं.

१० एप्रिल १९६५ ला दिल्लीत पंजाबरावांचं निधन झालं. तेव्हाही ते अमरावतीचे खासदार होते.

राहुरी की अकोला?

पंजाबराव गेल्यावर दोनच वर्षांनी महाराष्ट्रात कृषी विद्यापीठाचा विषय पेटला.

राज्यात एक कृषी विद्यापीठ काढायचं ठरलं. कुठं काढायचं? पश्चिम महाराष्ट्राचं पारडं जड होतं, नाव पुढं आलं ते नगर जिल्ह्यातल्या राहुरीचं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे विदर्भातल्याच पुसदचे. त्यामुळं विदर्भातल्या लोकांना हे जास्तच लागलं.

विदर्भाचं म्हणणं काय होतं? आम्ही १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो तेव्हा आमच्या वाट्याला डावललं जाणार नाही असं सांगितलं होतं. कोरडवाहू शेती आमच्याकडे, कापूस आमच्याकडे, प्रश्न आमच्याकडे. अकोल्यात १९५५ पासून शेतकी कॉलेज आहे, नागपूरचं तर त्याहून जुनं. मग विद्यापीठ उसाच्या पट्ट्यात का?

१९६७ मध्ये आंदोलन सुरू झालं. मोर्चे, बंद, विद्यार्थी रस्त्यावर. अकोल्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसं गेली.

जरा थांबून विचार करा. रस्ता, रेशन, पगार, आरक्षण, यासाठी लोक रस्त्यावर उतरलेले आपण बघितलेत. पण विद्यापीठ आमच्याकडे हवं म्हणून, तेही शेतीचं विद्यापीठ, जिथून शेतकऱ्याला बियाणं आणि ज्ञान मिळेल, यासाठी गोळ्या झेललेली गावं देशात फार सापडायची नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी याच भागात शाळेसाठी कर बसवायला एक माणूस निघाला होता. त्याच्या शाळांत शिकलेली पिढी आता विद्यापीठ मागत होती.

२९ मार्च १९६८ ला महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं, तेच राहुरीचं. त्याला पुढं महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पण अकोल्याची मागणी दाबता आली नाही. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात विदर्भासाठी वेगळं कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याला नाव दिलं पंजाबराव कृषी विद्यापीठ. लोकांच्या तोंडी तेच बसलं, पीकेव्ही.

एकदा दोन झाल्यावर बाकीच्यांनी का थांबावं? १८ मे १९७२ ला मराठवाड्यासाठी परभणीला आणि कोकणासाठी दापोलीला कृषी विद्यापीठं झाली. महाराष्ट्रात आज चार कृषी विद्यापीठं आहेत. एकाच विद्यापीठावर राज्याचं काम भागवायचं ठरलं होतं, त्याची चार झाली, त्यात अकोल्याच्या आंदोलनाचा वाटा मोठा.

आणि हे शास्त्राच्या हिशेबानंही बरोबरच होतं. दापोलीला पाऊस धो धो आणि जमीन जांभ्याची, तिथं भात, आंबा, काजू. अकोल्याला काळी जमीन आणि पावसावरची कपाशी. दोघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल?

मग या विद्यापीठानं दिलं काय?

अकोल्याच्या विद्यापीठाकडे विदर्भाचे आजचे अकरा जिल्हे. पश्चिमेला बुलढाण्याची कपाशी आणि सोयाबीन, मध्ये नागपूर-अमरावतीची संत्री, पूर्वेला भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा धान. शिवाय पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा, जिथं विहीर खोदली की खारं पाणी लागतं आणि त्या पाण्यावर ओलीत केलं की जमीन बिघडते.

इथं जे काम झालं ते शेतकऱ्याच्या तोंडी बसलेल्या नावांवरून कळतं. पीकेव्ही हायब्रीड-२ ही कपाशी एकेकाळी विदर्भातल्या गावागावात होती. हरभऱ्याच्या जॅकी-९२१८ या वाणात अकोल्याचा वाटा आहे, पीकेव्ही काबुली वाण तर इथलेच. आणि पीकेव्ही मिनी दाल मिल. तूर कवडीमोल विकायची आणि डाळ महाग घ्यायची, हा खेळ मोडायला गावातच, लहान जागेत डाळ करता येईल असं यंत्र विद्यापीठानं बनवलं. बचत गटांनी आणि तरुणांनी त्यावर धंदे उभे केले.

दरवर्षी विद्यापीठात शिवार फेरी असते. शेतकरी विद्यापीठाच्या शेतात हिंडतात, वाण बघतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. शिकवणारा, प्रयोग करणारा आणि कसणारा एकाच धुऱ्यावर. विद्यापीठाची मूळ कल्पना डोळ्यांनी बघायची असेल तर हा दिवस गाठावा.

पण सगळं गोड गोड लिहून उपयोग नाही. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत कपाशीच्या बियाण्याचा बाजार खाजगी कंपन्यांकडे गेला. विद्यापीठाची लोकप्रिय कपाशी बीटीच्या रूपात, महाबीजच्या साथीनं, शेतकऱ्यासाठी यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर शेतकऱ्याच्या हातात कंपनीची पाकिटं होती आणि दरवर्षी नवं बियाणं विकत घ्यायची सवय लागली होती. प्राध्यापक आणि शास्त्रज्ञांच्या रिकाम्या जागांची ओरड तर चारही विद्यापीठांत जुनी आहे.

आणि त्याहून जड गोष्ट. हे विद्यापीठ ज्या भागात आहे, तोच भाग देशाला शेतकरी आत्महत्यांमुळं माहीत झाला. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, वर्धा. कारणं अनेक सांगितली जातात, भाव, पाऊस, कोरडवाहू शेती, आजारपण. पण यादीत एक शब्द कधी चुकत नाही, कर्ज. १९३३ मध्ये जो होता तोच.

म्हणून पंजाबरावांच्या कामाचा क्रम पुन्हा एकदा बघण्यासारखा आहे. त्यांनी आधी पोरांची राहण्याची सोय केली. मग शेतकऱ्याची जमीन व्याजात जाऊ नये म्हणून कायदा आणला. मग शाळा, मग देशाच्या पातळीवर शेती. नुसतं चांगलं बियाणं देऊन शेतकरी उभा राहत नाही, त्याच्या पाठीवरचा बोजाही उतरावा लागतो, आणि त्याच्या घरातलं पोरगं शिकावं लागतं, हे या क्रमातच आहे. यातलं एक केलं आणि दोन सोडले की काय होतं, ते विदर्भानं बघितलं.

आज ही तीन कामं तीन वेगवेगळ्या सरकारी खात्यांत विभागली गेलीत. भत्ता एका खिडकीवर, व्याजाची सूट दुसऱ्या, बियाणं तिसऱ्या. नाव मात्र तिन्हीकडे तेच आहे. वसतिगृह भत्त्याचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर शेवटची तारीख बघून भरून टाका. गावाकडून शिकायला आलेल्या पोराचं शिक्षण राहण्याखाण्यापायी अडू नये, यासाठीच तर भाऊसाहेबांनी अमरावतीत पहिलं होस्टेल काढलं होतं.